शिक्का मारण्याआधी फॉर्म वाचा

तुळशीची लग्ने लागली की आपल्या कार्यालयांत एक ठरावीक फाईल येऊ लागते. परदेशातला मुलगा तीन आठवड्यांची रजा काढून येतो, पालघरला किंवा केळव्याला लग्न होते, सत्यनारायण उरकतो, मुलगा परत जातो. महाशिवरात्रीच्या सुमारास मुलीचे वडील समोर येऊन बसतात. मागणी ठरलेली असते. "साहेब, नेटवर्थ सर्टिफिकेट हवंय. जरा मोठं करून द्या, पोरीच्या व्हिसाचं काम आहे."

अशा वेळी त्यांना विचारावे, जावयाचा पगार किती? गृहस्थ गडबडतात. "आता जावयाला पगार कसा विचारायचा, साहेब?"

आमच्या मते सगळी गाठ इथे आहे. पती किंवा पत्नीला परदेशात कायम बोलावून घेण्याच्या अर्जात पैशांच्या बाबतीत तिकडचे सरकार बहुतेक वेळा एकच गोष्ट तपासते: बोलावणारा माणूस त्या देशात आलेल्या जोडीदाराला पोसू शकतो का? प्रश्न जावयाला असतो आणि उत्तर सासरा देतो. आपण, म्हणजे या जिल्ह्यातले सीए, करसल्लागार, नोटरी, लेखापाल, त्या उत्तराला लेटरहेड आणि शिक्का पुरवतो. दीड कोटीचे देखणे प्रमाणपत्र निघते, फी मिळते, आणि कागद अशा टेबलावर जातो जिथे तो कोणी मागितलेलाच नव्हता.

ही सवय लागली शिक्षणाच्या फायलींमुळे. मुलगा एमएससाठी निघतो तेव्हा वडील प्रायोजक असतात, त्यांची मालमत्ता आणि बँकशिल्लक खरोखरच विचारात घेतली जाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बोईसर-तारापूरच्या वसाहतींतून, पालघर-माहीमच्या घरांतून असे कितीतरी विद्यार्थी गेले. त्या फायलींचा फॉरमॅट प्रत्येक कार्यालयाच्या संगणकात पडून आहे. तोच उघडायचा, 'विद्यार्थी' काढून 'विवाहित कन्या' घालायचे, आकडे बदलायचे. शिवाय घरातली वडीलधारी मंडळी जुन्या आठवणी सांगतात, की अमेरिकेतल्या काकांनी एक पत्र लिहून दिले आणि काम झाले. ते पत्र म्हणजे आय-१३४ हा हमीचा फॉर्म. त्यातली हमी कोर्टात टिकत नव्हती, म्हणून अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा बदलला आणि डिसेंबर १९९७ पासून कायदेशीर बंधन घालणारा आय-८६४ आणला. आय-१३४ आजही वाग्दत्त वधूच्या व्हिसासाठी वापरात आहे, पण लग्न झालेल्या जोडीदाराच्या स्थलांतरासाठी तो चालत नाही.

म्हणून अशी फाईल आली की पहिला प्रश्न मालमत्तेचा नसावा. तिकडच्या माणसाचा दर्जा काय, हे आधी विचारावे. मुलगा अमेरिकेत एच-१बी वर असेल तर मुलगी एच-४ या अवलंबित व्हिसावर जाणार. तिथे आय-८६४ चा संबंधच नाही. त्याचे आय-७९७ हे मंजुरीपत्र, पगारपत्रके आणि लग्नाचा दाखला हेच मुख्य कागद. मुलगा ग्रीन कार्डधारक असेल तर आय-८६४ लागतो, नागरिक असेल तरी लागतो, पण दोघांसाठी मालमत्तेचा हिशेब वेगळा आहे. ब्रिटनमध्येही तसेच. नर्स म्हणून स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेली आपली मुलगी नवऱ्याला अवलंबित म्हणून नेते तेव्हा त्याच्यासाठी फक्त २८५ पौंड २८ दिवस खात्यात असावे लागतात, किंवा तिची नोकरी देणारी संस्था तशी हमी देते. तीच मुलगी तिथे स्थायिक झाल्यावर लग्न करून नवऱ्याला बोलावते तेव्हा वर्षाला २९,००० पौंडांची उत्पन्नाची अट समोर येते. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर म्हणून अर्ज करून गेलेल्यांना तर जोडीदाराला नेण्याचा मार्गच बंद आहे. या तीन घरांना एकच प्रमाणपत्र देणारा व्यावसायिक तिघांचेही नुकसान करतो.

अमेरिकेच्या हिशेबावर जरा थांबू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. बोलावणारा अमेरिकेत राहणारा, तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असला पाहिजे, आणि त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असले पाहिजे. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होती. अलास्का आणि हवाईची वेगळी. तक्ता दरवर्षी बदलतो, तेव्हा जुन्या फाईलवरून आकडा उचलू नये. उत्पन्न कमी पडले तर तिकडचाच दुसरा माणूस सहप्रायोजक होऊ शकतो. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही, पण तो तिथला रहिवासी असलाच पाहिजे. उमरोळीचे सासरे कितीही सधन असले तरी सहप्रायोजक होऊ शकत नाहीत. आणि न्यू जर्सीच्या मामांनी सही केली म्हणून नवऱ्याची सुटका होत नाही. त्याचे उत्पन्न शून्य असले तरी त्याचा स्वतःचा आय-८६४ लागतोच. मामांचा फॉर्म आहे आणि नवऱ्याचा नाही, अशा अवस्थेत फाईल अडून राहते आणि इकडे मुलीच्या घरात वाटते की आपलाच काहीतरी कागद कमी पडला. मग पुन्हा आपल्याकडे फेरी, पुन्हा नवे नेटवर्थ.

मालमत्ता मोजता येते, पण कोणाची? प्रायोजकाची, त्याच्या घरात राहून फॉर्मवर सही करणाऱ्या सदस्याची, आणि जाणाऱ्या जोडीदाराची स्वतःची. मुलीच्या वडिलांची नाही. इथे आपल्याला खरे काम आहे. मुलीच्या स्वतःच्या नावावर मुदतठेव, फ्लॅट, म्युच्युअल फंड असेल तर तो धरता येतो. प्रायोजक नागरिक असेल तर तुटीच्या तिप्पट मालमत्ता लागते, ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट. समजा उत्पन्न २२,४३७ डॉलर आहे, म्हणजे ४,००० ची तूट. नागरिकाच्या पत्नीला १२,००० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागेल, ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला २०,००० ची. सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर अनुक्रमे १० लाख ८० हजार आणि १८ लाख. दीड कोटीचे प्रमाणपत्र मागणाऱ्या वडिलांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

पुढची अट अशी की ही मालमत्ता वर्षभरात, फारसा तोटा न होता, रोखीत बदलता आली पाहिजे आणि देशाबाहेर नेता आली पाहिजे. आता आपल्या नेहमीच्या नेटवर्थमधली पहिली ओळ पाहा: 'शेतजमीन, २ एकर १० गुंठे, अंदाजे किंमत ९० लाख'. सोबत जोडलेला सातबारा उघडा. खातेदारांच्या रकान्यात आजोबांच्या मृत्यूनंतर लागलेली नऊ नावे, त्यात तीन आत्या आणि दोन चुलतभाऊ. वाटप झालेले नाही. धारणा पद्धतीसमोर 'भोगवटादार वर्ग २'. इतर हक्कांत विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा. ही जमीन वर्षभरात कोण विकणार आणि कोणाला? आपल्या जिल्ह्यात तर आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायची म्हटली की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ आडवे येते, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. हे संरक्षण असायलाच हवे. पण त्या जमिनीसमोर रेडीरेकनरचा आकडा लिहून ती रोखीसारखी दाखवणे हे कोणत्याही लेखापालाला शोभत नाही. डहाणूच्या चिकूच्या वाडीचे, सातपाटीच्या बोटीतल्या हिश्श्याचे तेच. ती संपत्ती खरी आहे, घर चालवणारी आहे, फक्त या फॉर्मने विचारलेली नाही.

मुलीच्या नावावरचा पैसा बाहेर नेता येतो का, हेही आपणच सांगू शकतो. निवासी भारतीय म्हणून तिला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. एवढी दोन वाक्ये, मुलीच्या खात्याचे गेल्या १२ महिन्यांचे उतारे, आणि ठेवीवर कर्ज किंवा लिअन नाही असे बँकेचे पत्र जोडले, तर तो कागद वडिलांच्या नेटवर्थपेक्षा कितीतरी उपयोगाचा होतो. वडिलांना मुलीला द्यायचेच असेल तर ते रीतसर बक्षीसपत्र करून, बँकेतून, अर्जाच्या पुष्कळ आधी द्यावे.

ब्रिटनचा खाक्या वेगळा आहे. २०१२ च्या जुलैपासून १८,६०० पौंड असलेली मर्यादा ११ एप्रिल २०२४ रोजी २९,००० झाली. नोकरीचे उत्पन्न बोलावणाऱ्याचे मोजतात. तारापूर एमआयडीसीत चांगल्या पगारावर असलेल्या मुलाचा इथला पगार, तो पत्नीकडे निघाला असला तरी, धरत नाहीत. मात्र अर्जदाराचे घरभाडे, लाभांश, पेन्शन आणि बचत धरता येते. केवळ बचतीवर जायचे तर ८८,५०० पौंड, म्हणजे आजच्या भावाने एक कोटीच्या आसपास, सहा महिने सलग ताब्यात असावे लागतात. कर्जाऊ आणलेली रक्कम चालत नाही. भेट चालते, पण ती कोठून आली हे सांगावे लागते आणि सहा महिन्यांचे घड्याळ ती खात्यात आल्यापासून सुरू होते. फेब्रुवारीत भेट आणि एप्रिलमध्ये अर्ज, असे करून अर्जाची मोठी फी वाया घालवू नये.

ब्रिटनच्या फायलीत आणखी एक खाच आहे. आपल्या भागात किती घरांची ठेव पतसंस्थेत असते ते आपल्याला माहीत आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली नसते. ब्रिटनला पैसा नियमन असलेल्या वित्तसंस्थेत हवा असतो. पावती खरी, रक्कम खरी, तरी प्रश्न उभा राहतो. ठेव वेळेवर बँकेत हलवायला सांगणे हा सल्ला फुकटात देण्यासारखा आहे. इंटरनेटवरून काढलेल्या उताऱ्याच्या प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का घेतलेला बरा. लीव्ह अँड लायसन्सचा करार किंवा घरपट्टीची पावती मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क. भाषांतर स्वतःच्या घरच्या माणसाने केलेले नसावे.

कॅनडाबद्दल वसईकडचे व्यावसायिक आमच्यापेक्षा जास्त सांगू शकतील. जोडीदाराला बोलावताना तिथे साधारणपणे किमान उत्पन्नाची अटच नाही. अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी मदतीवर जगणाऱ्याला मात्र प्रायोजक होता येत नाही. म्हणून कॅनडाच्या फायलीत पैशाचे कागद वेगळ्या कारणाने लागतात, संसार खरा आहे हे दाखवायला. नवऱ्याने दरमहा पाठवलेली रक्कम, एकमेकांना केलेले नॉमिनेशन, जोडखाते. तिथे सासऱ्यांच्या नेटवर्थने काहीच सिद्ध होत नाही.

आखातात अडचण पैशाची कमी आणि शिक्क्यांची जास्त. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणण्यासाठी ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढी अट २०१९ पासून आहे. पण लग्नाचा दाखला आधी राज्य शासनाने, मग परराष्ट्र मंत्रालयाने, मग त्यांच्या दूतावासाने आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र खात्याने प्रमाणित केलेला लागतो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण अमिरात त्यात नसल्याने अपोस्टिलवर भागत नाही. निकाहनामा किंवा देवस्थानाची पावती घेऊन येणाऱ्या मंडळींना १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखालचा दाखला घ्यायला पहिल्याच दिवशी पाठवा. नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र त्याची जागा घेत नाही, हे आपल्या नोटरी बांधवांनीच सांगितले तर लोक ऐकतील.

आता खास आपल्या मातीतली अडचण. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्याआधी पालघर तालुक्यात जन्मलेल्या बहुतेक मुलींच्या जन्मदाखल्यावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'तालुका पालघर, जिल्हा ठाणे' आहे. आधारवर आणि लग्नाच्या दाखल्यावर 'जिल्हा पालघर'. आपल्याला यात काही खटकत नाही. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डला बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र एकाच मुलीचे दोन जिल्हे दिसतात. त्यात तारापूर आणि बोईसरची भर. एमआयडीसीचे नाव तारापूर, कारखाना बोईसरला. तारापूर गाव वेगळेच, समुद्रकाठचे. १९६९ पासून वीज देणारा अणुप्रकल्पही त्याच नावाचा. पगारपत्रकावर एक गाव, बँकेच्या उताऱ्यावर दुसरे, दोन्ही बरोबर. यासाठी प्रत्येक कार्यालयाने चार ओळींची एक टीप तयार ठेवावी: जिल्हा केव्हा विभागला, कोणते गाव कोणत्या तालुक्यात, जागा एकच कशी. नावाचेही तसेच. लग्नानंतर मुलीच्या मधल्या नावात वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलते, पण पॅन जुन्या नावाने, बँक जुन्या नावाने, पासपोर्ट नव्या नावाने. अर्ज चालू असताना अर्धी कागदपत्रे बदलण्यापेक्षा सगळी एका नावावर ठेवून काम पूर्ण होऊ द्यावे, नंतर बदलावीत.

राहिला प्रश्न 'जरा मोठं करून द्या' याचा. इथे आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. खात्यात पंधरा दिवसांसाठी कोणाचे तरी वीस लाख आणून ठेवायचे, त्या तारखेचे बॅलन्स सर्टिफिकेट घ्यायचे आणि रक्कम परत करायची, हा प्रकार आपल्या भागात चालतो आणि त्यावर कमिशन घेणारे लोकही आहेत. खोटी माहिती पकडली गेली तर अमेरिकेत कायमची अपात्रता येऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी, कॅनडात पाच वर्षांची. शिक्षा भोगणार ती मुलगी, जिने त्या वीस लाखांचे नावही ऐकलेले नसते. आणि सही करणाऱ्याचे काय? १ फेब्रुवारी २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो अठरा अंकी-अक्षरी क्रमांक टाकला की जगातला कोणताही अधिकारी सीए इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर तो पडताळू शकतो. तिथे मूळ आकडा एक आणि कागदावर दुसरा, किंवा क्रमांकच नाही, असे दिसले तर संशय पूर्ण फाईलवर जातो. प्रमाणपत्रात काय तपासले, कशावर विसंबलो, कोणते मूल्य मालकाच्या सांगण्यावरून घेतले, हे लिहिण्याची शिस्त इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक टिपेत आहेच. सोन्याचे ४० तोळे 'मालकाच्या निवेदनानुसार' असतील तर तसेच लिहा. करसल्लागार मित्रांनी सीएसारख्या दिसणाऱ्या लेटरहेडवर नेटवर्थ देऊ नये. विवरणपत्रे, चलने, भाड्याचा हिशेब नीट लावून देणे हे त्यांचे काम, आणि तेच जास्त उपयोगी असते.

निरुपयोगी प्रमाणपत्र नाकारले तर ग्राहक शेजारच्या कार्यालयात जाईल, अशी भीती आम्हाला अनेकांनी बोलून दाखवली. जातीलही काही. पण फॉर्म वाचून, गरज काय ते समजावून, योग्य चार कागद लावून देण्याची फी नेटवर्थच्या फीपेक्षा जास्त घ्यायला हरकत नाही. ते काम जास्त मोलाचे आहे.

शेवटी मुलीबद्दल. या फायलीत तिची सही सासर-माहेरच्या कोणाच्याही सहीपेक्षा कमी लागते, म्हणून तिला कार्यालयात आणलेच जात नाही. आय-८६४ वर सही करून नवरा जी हमी देतो ती अमेरिकी सरकारला दिलेली असते आणि मुलीलाही. घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी संपत नाही. मुलगी नागरिक होईपर्यंत, तिच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, तिने देश कायमचा सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ही जबाबदारी टिकते, आणि त्या आधारावर मुलगी स्वतः तिथल्या कोर्टात पोटगीसारखी रक्कम मागू शकते. कॅनडातली हमी मुलगी कायम रहिवासी झाल्यापासून तीन वर्षे चालते, तीही विभक्त झाल्याने सुटत नाही. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी अमेरिकेत पोहोचलेल्या मुलीला ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या अटीवर मिळते, आणि त्या काळात तिला कोणी "मीच तुला आणलं" म्हणून धमकावू लागले, तर तिच्या बाजूने काय आहे हे तिला माहीत असले पाहिजे. हे तिला कोण सांगणार? लग्न जमवणारे सांगत नाहीत, एजंट सांगत नाही, वडिलांना ठाऊक नसते.

तेव्हा अशा फाईलला वेळ देताना वडिलांना सांगा, येताना मुलीला घेऊन या. जावयाला व्हिडिओ कॉलवर घ्या. बोईसरला रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे दहा-अकरा झालेले असतात. त्याचा पगार, त्याची करविवरणे, त्याच्या घरातली माणसे हे प्रश्न आपण विचारा. सासऱ्याला जो संकोच वाटतो तो आपल्याला वाटायचे कारण नाही. फॉर्म भरून झाला की त्याचा अर्थ मुलीला मराठीत, वडिलांच्या देखत समजावून सांगा, आणि सही झालेल्या प्रतीची फाईल तिच्या स्वतःच्या ईमेलवर गेली आहे याची खात्री करून मगच आपले बिल काढा.